कोशेर घर, दोन मुलं आणि तिश्रीचा खर्च: हिशेब कुठे बसवायचा?

कोपरीकरीण

नमस्कार मंडळी. या विभागात वाचायला रोज येते, लिहायला पहिल्यांदाच बसले आहे. आधी घरची माहिती देते, नाहीतर "असं का नाही करत, तसं का नाही करत" यातच धागा संपायचा.

आम्ही बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले ज्यू. घरात मराठीच, आणि जेवण कोशेर, म्हणजे आमच्या धर्माच्या नियमांत बसणारं. राहतो ठाण्यात कोपरीला, प्रार्थनेला टेंभी नाक्याच्या शार हशामायिम सिनेगॉगमध्ये जातो. नवरा खाजगी नोकरीत, हातात ५८ हजार येतात. मी घरी शिवण करते, ब्लाऊज, फॉल-पिको, त्याचे ८-९ हजार, लग्नसराईत थोडे वर. मुलगा बारा वर्षांचा, मुलगी सात, आणि सासूबाई, त्यांना मधुमेह. घराचा हप्ता १९ हजार. शाळा, व्हॅन, सोसायटी, वीज, औषधं वजा जाता खाण्यापिण्याला साधारण २२ हजार उरतात. त्यात महिना निघतो. चैन नाही, पण कुणी उपाशीही नाही.

अडतं ते सणांना. पेसाह, म्हणजे खमिराचं काही न खायचा आमचा आठ दिवसांचा सण, एप्रिलमध्ये आटोपला. त्याच महिन्यात शाळेची फी, वह्या-पुस्तकं आणि वर्षाचा मसाला. अजून त्या खड्ड्यातून वर येतोय. आता पुढचा डोंगर तिश्रीचा, म्हणजे आमच्या पंचांगातल्या नव्या वर्षाच्या महिन्याचा. यंदा, २०२६ ला, रोश हशाना, म्हणजे आमचं नवं वर्ष, ११ सप्टेंबरच्या संध्याकाळी लागतं, आणि गणपती १४ ला! मग २१ ला किप्पूरचा उपास, २५ च्या संध्याकाळपासून सुक्कोथ, म्हणजे मांडवांचा सण, ते थेट ४ ऑक्टोबरच्या सिम्हा तोरा या शेवटच्या सणापर्यंत. तीन आठवडे पाहुणे, गोडधोड, कपडे. नव्या वर्षाला आमच्याकडे गव्हाच्या चिकाचा हलवा लागतो, आणि तो नारळाच्या दुधात होतो. मांस आणि दूध आम्हाला एकत्र चालत नाही, त्यामुळे गाईचं दूध घातलं तर मटण-चिकनच्या जेवणानंतर खाता येणार नाही. गेल्या वर्षी मध्यम नारळाला ५५-६० रुपये मोजले. यंदा गणपतीच्या तोंडावर काय भाव असेल ते सांगायला ज्योतिषी नको.

चिकनचंही असंच. कोपऱ्यावरच्या दुकानातून अर्धा किलो आणलं, असं आम्हाला करता येत नाही. जिवंत कोंबडी घ्यायची, सिनेगॉगमध्ये प्रार्थना चालवणाऱ्या हझानकाकांची वेळ घ्यायची, त्यांनी आमच्या पद्धतीने सुरी फिरवायची. मग घरी अर्धा तास पाण्यात, तासभर खडे मीठ चोळून उतरत्या फळीवर, आणि तीनदा धुणं. दोन किलोची कोंबडी हातात येते सव्वा-दीड किलो. म्हणून आमच्याकडे चिकन फक्त शब्बाथला, म्हणजे शुक्रवारी रात्री आणि शनिवारी दुपारी. मटण सणालाच.

त्यात पुढच्या मे महिन्यात मुलाची बार मित्झवा आहे, म्हणजे तेराव्या वर्षीचा धार्मिक समारंभ. मलिदा, म्हणजे एलियाहू हन्नबींच्या नावाने गोड पोहे आणि फळांचं ताट, करायचा आहे आणि माणसं जेवायला घालायची आहेत. सासूबाईंची यादी ऐंशीपासून सुरू होते.

तर मला विचारायचंय ते असं. सणांचा खर्च महिन्याच्या खर्चात कसा मुरवायचा? माझ्या माहेरी बाबा दिवाळीचा बोनस त्यासाठी ठेवायचे, यांच्या नोकरीत बोनस नाही. आणि जेवणातून कुठे हात आखडता घेता येईल, मुलांच्या ताटाला धक्का न लावता? शब्बाथचं जेवण कमी करा असं कृपया सुचवू नका. आठवड्यात तेवढंच एक जेवण सगळे एकत्र, फोन बंद करून जेवतो.

हिशेबी_बाब्या

ताई, धागा छान. तुमच्या सणांबद्दल मला फारसं कळत नाही, पण आकड्यांचं कळतं. वर्षभरात सणांवर एकूण किती जातात ते एका कागदावर लिहा. अंदाज नको, गेल्या वर्षीचं खरं. मग त्याला १२ ने भागा.

दुसरं, चिकनचा एवढा खटाटोप आणि खर्च, तर शाकाहार का नाही वाढवत? पालेभाजी-आमटी तर तुम्हाला चालतेच ना? नियमात बसते आणि स्वस्तही.

कोपरीकरीण

बाब्या दादा, रविवार ते गुरुवार आमच्याकडे आमटी-भात, उसळ, भाजी-पोळीच असते हो. महाराष्ट्राचं साधं जेवण आपोआपच कोशेर आहे, त्याचा फायदा आम्ही घेतोच. पालेभाजी आणि फ्लॉवर मिठाच्या पाण्यात घालून, पान उजेडात धरून किडी बघाव्या लागतात, तो वेळ जातो, पैसे नाही. मासे चालतात, फक्त खवले आणि पर असलेले. त्याला हझान लागत नाही. कोळणीकडे बांगड्याचा वाटा घेते. कोलंबी, खेकडे, मोरी नाही. (बोंबील चालतो की नाही हा वाद कृपया इथे नको, आमच्या घरातच दोन पक्ष आहेत आणि दोघेही जेवायला एकाच टेबलावर बसतात.)

गेल्या वर्षीचा खरा आकडा काढला. दुकानाच्या पिशवीत पावत्या होत्या. पेसाह ९ हजार, तिश्री १४ हजार, होळी, म्हणजे आमचा पुरीम, हनुक्का हा दिव्यांचा सण आणि बाकी किरकोळ मिळून ४ हजार. झाले २७ हजार. भागिले बारा, म्हणजे महिना २,२५०. आकडा बघून बरं वाटलं की वाईट, ते अजून ठरलेलं नाही.

हिशेबी_बाब्या

मग बँकेत २,२५० ची आवर्ती ठेव उघडा, १२ महिन्यांची. व्याज किती ते सोडा, मुद्दा एवढाच की पैसे दिसता कामा नयेत. आणि बदाम-पिस्त्यासारख्या सुकामेव्याचा भाव पुन्हा एकदा बघून घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून त्यावरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आलाय. दुकानदाराने तो उतरवलाय का ते जुन्या पावतीशी ताडून पाहा.

इस्रायल_आळी

कोपरीकरीण, मी अलिबागहून लिहिते. नावावरून कळलंच असेल कुठल्या आळीतली. मला मावशी म्हण, इथे सगळे तेच म्हणतात. तीन मुलं वाढवली, यजमान एसटीत होते, पगार किती ते विचारू नकोस. मुलं आता दोन इस्रायलला, एक पनवेलला.

आधी भावाचं बोलू. तुला वाटतंय की गणपती आणि आपला सण एकत्र आले म्हणजे दुष्काळात तेरावा महिना. यंदा खरंच अधिक महिना आहे म्हणा, त्यामुळेच गणपती सप्टेंबरच्या मध्यावर गेलेत. पण एक लक्षात घे. तिश्री अमावस्येच्या चंद्रावर सुरू होतो. त्यामुळे आपलं नवं वर्ष बहुतेक वर्षी एकतर गणपतीच्या आधी तीन-चार दिवस येतं, नाहीतर घटस्थापनेपाशी. गेल्या वर्षी आठव, २२ सप्टेंबरला घटस्थापना आणि त्याच संध्याकाळी रोश हशाना. पुढल्या वर्षीही घटस्थापनेच्या आसपास. म्हणजे नारळ महाग असण्याच्या काळातच आपला सण येतो, बहुतेक दरवर्षी. हे दरवर्षी नव्याने सोसण्यात अर्थ नाही.

पण त्याच्या उलट बाजूला कोंबडी आहे. गणपतीजवळ सण येतो तेव्हा त्याच्या आधीचा पूर्ण महिना श्रावण असतो. यंदा १३ ऑगस्ट ते ११ सप्टेंबर. अख्खा महाराष्ट्र मांसाहार सोडतो आणि कोंबडीचा भाव बसतो. गटारीच्या आठवड्यात चुकूनही घेऊ नकोस, तेव्हा भाव गगनाला. श्रावण लागून दहा-बारा दिवस झाले की दुकानदार स्वतःहून बोलावतो. तेव्हा चार घरं मिळून घ्या. आम्ही इथे तसंच करतो. पनवेलचा मुलगा येतो, शेजारची दोन घरं, आणि रोह्याची माझी नणंद. एकाच दिवशी हझानना बोलावतो. त्यांची एकच फेरी होते, त्यांचं मानधन सगळ्या घरांत विभागलं जातं, आणि दुकानदार जिवंत कोंबडीच्या भावात किलोमागे सोडतो. एकट्या घराला तो कधीच सोडणार नाही.

पण मीठ लावून, तीनदा धुऊन, निथळूनच फ्रीजरमध्ये टाकायचं. तसंच कच्चं टाकून "मीठ नंतर लावू" म्हणशील तर चालणार नाही, तीन दिवसांच्या आत मिठातून निघायला हवं. मी एकेका शब्बाथपुरतं वेगळं बांधते आणि पिशवीवर मार्करने लिहिते: किप्पूरच्या आधीचं, सुक्कोथचं पहिलं. सणाच्या गडबडीत फ्रीजर उघडला की हातात तेच येतं, अंदाज करत बसावं लागत नाही.

मासळीचंही बघ. ३१ जुलैपर्यंत बंदी. नारळी पौर्णिमा यंदा २८ ऑगस्टला. तिच्यानंतर होड्या सगळ्या जातात आणि निम्मे लोक अजून खात नसतात. तेव्हा बांगडा घ्यायचा. आमच्याकडे तर कोळीण दारात येऊन "मावशी, तुमचा श्रावण नाय ना?" विचारते.

नारळाचं सांगते. नारळी पौर्णिमेच्या तीन आठवडे आधीच घे, शेंडी असलेले, न सोललेले, हलवून पाणी वाजतं का ते बघून. शेंडी वर करून, टोपलीत, सुकी जागा. महिनाभर नीट राहतात. आणि खरं सांगू? घरात लागतो त्याच्या दुप्पट हलवा आपण वाटायला करतो. तुझ्या इमारतीत किती ताटं जातात?

कोपरीकरीण

मावशी, नमस्कार! सतरा घरं. शिवाय सिनेगॉगच्या मंडळींना, माझ्या शिवणाच्या गिऱ्हाइकांना, आणि यांच्या ऑफिसला एक डबा. दोन किलो गव्हाचा चीक काढते. तीन दिवस भिजवून, रोज पाणी बदलून, वाटून, पिळून, रात्रभर ठेवून सकाळी वरचं पाणी ओतायचं. मग उलथणं घेऊन पातेल्यापुढे उभं राहायचं, हलवा कडा सोडेपर्यंत. मुलगा आणि नवरा आळीपाळीने ढवळतात. धाकटी बदाम लावते आणि खाते, प्रमाण साधारण अर्धं-अर्धं.

गव्हाचा खर्च काहीच नाही. नारळ, साखर, बदाम, वेलची. पण वाटणं बंद कसं करू? गणपतीला मोदक येतात त्यांच्याकडून, दिवाळीला फराळाचं ताट येतं.

इस्रायल_आळी

बंद कर असं कोण म्हणालं? वड्या लहान कर. हलवा गोड असतो, माणूस दोन वड्या खातो आणि तिसरी ताटात सुकते. माझ्या सासूबाई तळहाताएवढी वडी पाडायच्या, मी आता करंगळीच्या दोन पेरांएवढी पाडते आणि परातीत पातळ थापते. कुणी मोजत नाही. बदामाचे काप कर, अर्धा बदाम लावू नकोस. आणि रोश हशानाची संध्याकाळ शुक्रवारी येतेय यंदा, गणपती सोमवारी. शेजाऱ्यांची ताटं रविवारी संध्याकाळी सण सुटल्यावर जाऊ देत. गणपतीच्या तयारीची धांदल असेल, पण त्यांच्या घरी पाहुणे येणारच असतात, तुझ्या हलव्याची तेवढीच सोय.

आता मलिदा. पोरी, मलिदा स्वस्त असतो! एक किलो पातळ पोहे, गूळ नाहीतर साखर, ओलं खोबरं, वेलची-जायफळ, मूठभर मनुका-बदाम. वीस-पंचवीस माणसांना पुरतो. खर्च होतो तो फळांवर, आणि तो दिखाव्याचा असतो. पाच फळं लागतात, परदेशी फळं लागत नाहीत. हल्ली मी मलिद्याच्या ताटात किवी आणि ड्रॅगनफ्रूट बघते. आपले प्रेषित एलियाहू हन्नबी इथल्या अलिबागजवळच्या खंडाळ्याला आले तेव्हा त्यांना तिथे किवी कुणी दिलं असेल असं मला वाटत नाही. केळं, चिकू, पेरू, पपई, खजूर. मे महिना असेल तर आंबा. झालं पाच-सहा.

पैसा जातो तो मलिद्यानंतरच्या जेवणात. ऐंशी माणसांना मटण बिर्याणी म्हणजे कोशेर मटणाची सोय, बकऱ्याचा पुढचाच भाग, हझान आणि मीठ. त्यापेक्षा शाकाहारी जेवण ठेव. त्यात एक मोठा फायदा असा की मग दूध चालतं. श्रीखंड ठेव, ताक ठेव, चहा लगेच दे. मटण ठेवलंस की म्हाताऱ्यांना दुधाच्या चहासाठी तासन्‌तास थांबावं लागतं आणि मग ती मंडळी चहाशिवाय घरी जाऊन तक्रार करतात. बिरडं कर, डाळिंब्यांचं. वाल आत्ताच घेऊन ठेव, अलिबाग-पेणकडचे कडवे वाल मार्चमध्ये निघाले आहेत. पाच किलो घेतलेस तर बार मित्झवापर्यंत पुरतील आणि जुलैत बिरड्याच्या सणालाही, म्हणजे तिशा बआवच्या उपासाला, होतील. उन्हात कडकडीत वाळव, नाहीतर भुंगा लागेल. पांढरा कांदाही माळेने घे आत्ता. मात्र अलिबागचा म्हणून कुणी काहीही विकतं, देठाची वेणी घातलेलीच माळ बघून घे.

अश्दोदवासी

मावशी, तुमच्या आळीतलेच आम्ही, आजोबा ६० च्या दशकात आले. मी इथे इस्रायलमध्ये अश्दोदला जन्मलो, मराठी आईकडून, लिहायला बायकोकडून शिकलो, ती मुंबईची. चुका असतील तर समजून घ्या.

कोपरीकरीण ताई, इथलं उलट आहे. कोशेर शोधावं लागत नाही, सगळं दुकान कोशेर. पण महागाई अशी की २०११ मध्ये इथे लोक साध्या कॉटेज चीजच्या भावावरून बहिष्कारावर उतरले होते. आम्हाला तीन मुलं. जानेवारी २०२५ पासून व्हॅट १७ वरून १८ टक्के झाला. मात्र ताजी फळं आणि भाज्या त्यातून सुटलेल्या आहेत, म्हणून आम्ही पाकिटबंद खाणं तोडलं आणि भाजी वाढवली. शुक्रवारी दुपारी बाजार बंद व्हायच्या आधी, शब्बाथ लागायला दोनेक तास असताना, भाजीवाले ओरडून ओरडून भाव पाडतात, कारण त्यांना माल रविवारपर्यंत ठेवायचा नसतो. मी ऑफिसातून थेट तिथे जातो. टोमॅटो थोडे मऊ मिळतात, पण आमच्याकडे त्यांचा रस्साच होतो. तुमच्याकडे शुक्रवारी असं होत नसणार, पण रात्री उशिरा भाजीवाला आवरताना जाऊन बघा.

सरकार दर मुलामागे भत्ता देतं, बितुआह लेउमीकडून, म्हणजे इथल्या राष्ट्रीय विमा संस्थेकडून, दर २० तारखेला बँकेत येतो. आम्ही तो खात नाही. तो सणांचा. तुमच्याकडे तसा नाही, पण शिवणातला एखादा ठराविक भाग तुम्ही तसा बाजूला टाकू शकता. घराच्या पगाराशी मिसळायचाच नाही.

आणि गंमत म्हणजे तुमच्याकडे जे स्वस्त, ते इथे महाग. पोहे भारतीय दुकानातून आणतो, ओला नारळ तर सणालाच. आई हलवा कॉर्नफ्लॉवर आणि डब्यातल्या नारळाच्या दुधाचा करते. चीक काढत नाही. मावशी रागावतील.

मुलांबद्दल एक. इथे शाळेत दहा वाजताचं खाणं घरून न्यायचं असतं. सगळी पोरं चॉकलेट लावलेला पांढरा ब्रेड आणतात. आम्ही पोळीत अंडं गुंडाळून देतो. मोठी आधी लाजायची, आता मैत्रिणी अदलाबदल मागतात.

इस्रायल_आळी

रागावत नाही रे बाळा. पण कॉर्नफ्लॉवरच्या त्या वडीला हलवा म्हणू नका, एवढंच.

प्राची_डोंबिवली

मी ज्यू नाही, वाचतेय मात्र मन लावून. कोपरीकरीण, तुमच्याकडे भिशी नाही का? आमच्या इमारतीत बारा जणी, महिना दोन हजार. चोवीस हजार एकदम हातात येतात. तुमचा सत्तावीसचा आकडा जवळपास निघतो.

कोपरीकरीण

प्राची, भिशी आहे! आणि तिथेच घोडं अडलंय. नंबर चिठ्ठ्या टाकून निघतो, आणि ऑगस्टचा नंबर सगळ्यांनाच हवा असतो, गणपतीसाठी. गेल्या वर्षी दोघी जवळजवळ भांडल्या. त्यात मी कुठे पडू?

पण तुम्हा सगळ्यांचं वाचून काल रात्री यांच्याबरोबर बसले. असं ठरतंय. भिशीत मी मार्चचा नंबर मागून घेणार. मार्च कुणालाच नको असतो, त्यामुळे चिठ्ठीशिवाय देतील. त्यातून पेसाह, शाळेची फी आणि मसाला, आणि उरेल ते बार मित्झवाला. तिश्रीसाठी शिवणातले दीड हजार दर महिन्याला वेगळ्या खात्यात, अश्दोदच्या दादांनी सांगितलं तसं, पगाराला न भिडवता. यंदाच्या सप्टेंबरला त्यात चारच महिने जमतील, म्हणजे सहा हजार. चौदाच्या जागी दहात बसवायचं म्हणतेय. मावशींच्या श्रावणातल्या कोंबड्या, आधीचे नारळ आणि लहान वड्या यातून चारचा फरक पडायला हवा. बाकीचे चार ऑगस्ट-सप्टेंबरच्या घरखर्चातून निघतील, तेवढं झेपतं. कपडे यंदा मुलीलाच, मुलाला बार मित्झवाला होणारच आहेत. त्याला सांगितलं तर म्हणाला, "मग मला बूट." वाटाघाटी चालू आहेत.

बाहेरचं खाणंही काढून बघितलं. महिन्याला साडेअकराशे! आम्ही बाहेर जेवत नाही असं मी सगळ्यांना सांगत असते. पण क्लासवरून येताना वडापाव, व्हॅनमधून उतरल्यावर बर्फाचा गोळा, चिप्सची पाकिटं. मुलं हिरवा ठिपका बघून घेतात, म्हणून मी लक्षच दिलं नव्हतं. ते अर्ध्यावर आणायचं. शुक्रवारी किद्दुशसाठी, म्हणजे शब्बाथच्या जेवणाआधीच्या प्रार्थनेसाठी, काळ्या मनुकांचा शरबत करतेच, तो आता जास्त भिजवून बाटलीभर ठेवणार. धाकटीला तो कुठल्याही कोल्ड्रिंकपेक्षा जास्त आवडतो, नाहीतरी ती वाटी चाटूनपुसून ठेवते.

पेसाहचा खर्च मात्र कुठे कापू ते कळत नाही. ९ हजार त्यात गेले कुठे हेच नीट सांगता येत नाही.

इस्रायल_आळी

मी सांगते कुठे गेले. मात्साची, त्या बिनखमिराच्या पोळ्यांची, बाहेरून आलेली पाकिटं किती घेतलीस?

कोपरीकरीण

सहा. आठ दिवस आहेत ना.

इस्रायल_आळी

मात्सा सेदेरच्या, म्हणजे पेसाहच्या पहिल्या विधीच्या जेवणाच्या, दोन रात्रींना हवाच, तो नीट घे. बाकीचे दिवस भाकरी. आपल्याकडे पेसाहला तांदूळ चालतो. युरोपातल्या ज्यूंना चालत नाही, त्यांना पाकिटांशिवाय गती नाही. आपण कशाला त्यांचा खर्च ओढवून घ्यायचा? दोन पाकिटं पुष्कळ.

पीठ मात्र गिरणीतून नको, तिथे गहू दळतात. पुरीम झाला की तांदूळ घे. तीनदा निवड, दाणा दाणा. आमच्याकडे हे काम पोरांचं असायचं. तीन ताटं, तीन पोरं, आणि गव्हाचा दाणा सापडेल त्याला चार आणे. माझा मधला पोरगा खिशातून गव्हाचे दाणे आणून ताटात टाकायचा, हे मला तो इस्रायलला गेल्यावर कळलं. तर ते निवडलेले तांदूळ धुवायचे, पांढऱ्या धुतल्या चादरीवर सावलीत वाळवायचे, आणि घरच्या मिक्सरवर, पेसाहच्या वेगळ्या भांड्यात दळून चाळायचे. भाकरी, घावन, खिचडी, सगळं होतं. पोरंही कंटाळत नाहीत.

आणि वेगळी भांडी दरवर्षी नवी घेतेस की काय?

कोपरीकरीण

यंदा कढई आणि ताटांचा सेट घेतला. जुनी ताटं वरच्या फळीवर आहेत, सासूबाई म्हणाल्या रंग गेलाय.

इस्रायल_आळी

स्टीलला कसला रंग? काढ ती खाली. उकळत्या पाण्यातून काढली की पेसाहला चालतात. आमच्या वेळी तांब्या-पितळेच्या भांड्यांना पेसाहच्या आधी कल्हईवाला बोलवायचो, अंगणात भाता लावून बसायचा. तो खर्च तुमचा वाचला आहे.

हिशेबी_बाब्या

मावशी, चार पाकिटं मात्सा, एक कढई, एक ताटांचा सेट. माझ्या हिशेबाने पेसाहचे अडीच-तीन हजार इथेच सुटले. मी नोकरी सोडून तुमच्याकडे कारकून म्हणून येतो.

कोपरीकरीण

अगदी मनापासून आभार सगळ्यांचे. सासूबाईंना हे सगळं वाचून दाखवलं. "अलिबागच्या त्या बाई कोण, विचार, कदाचित नातं निघेल," म्हणाल्या. बार मित्झवाची यादी ऐंशीवरून बासष्टवर आली आहे, श्रीखंडाच्या अटीवर.

एक शेवटचं. श्रावणात दहा-बारा कोंबड्या एकदम घेतल्या तर कलेज्या बऱ्याच निघतील. त्या पण मीठ लावून फ्रीजरमध्ये ठेवल्या तर चालतील का सुक्कोथपर्यंत?

इस्रायल_आळी

नाही. कलेजीत रक्त फार, मिठाने भागत नाही, ती आधी चीर देऊन उघड्या आचेवर भाजावीच लागते. त्याच दिवशी गॅसवर जाळी ठेवून भाज, धू, आणि चार घरांत वाटून टाक. आलं-लसूण आणि हिरवी मिरची घालून परतलीस तर पोरं भाताबरोबर त्याच रात्री संपवतील. जाळी मात्र पोळ्या भाजायची घेऊ नकोस, वेगळी ठेव.